दुधाचे दात आणि हातपंपाचे पाणी

चंद्रपूर जिल्ह्यातील काही खेड्यांच्या शाळांत पाचवी-सहावीच्या मुलांना हसायला सांगितले, तर एकाच बाकावरच्या तीन-चार मुलांच्या पुढच्या दातांवर पिवळट, तपकिरी पट्टे दिसतात. गुरुजी रागावून विचारतात, "काय रे, खर्रा खातोस ना?" मुलगा मान खाली घालतो. तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा चंद्रपूर-गडचिरोलीत कोणत्याही पानठेल्यावर मिळतो, आणि शाळकरी मुलेही तो खाताना आढळतात. तेव्हा गुरुजींचा संशय अगदीच निराधार नसतो. पण पुष्कळदा तो चुकीचा असतो, आणि काहीही अपराध नसताना मुलाला बोलणी खावी लागतात.

दोन्ही डाग नीट पाहिले तर फरक कळतो. तंबाखूचा डाग दाताच्या पृष्ठभागावर बसतो. तो हिरडीजवळ आणि दोन दातांच्या फटीत अधिक गडद असतो आणि दंतवैद्याने खरवडला की बराचसा निघून जातो. दुसऱ्या प्रकारचा डाग निघत नाही. तो दाताच्या पांढऱ्या, कठीण आवरणातच असतो. या आवरणाला दंतवल्क किंवा इनॅमल म्हणतात. हे पट्टे आडवे असतात आणि डाव्या-उजव्या बाजूच्या जोडीच्या दातांवर साधारण सारखेच उमटलेले असतात. कोणी बाहेरून रंग लावला असता तर इतकी सारखी नक्षी उठली नसती.

मग हे पट्टे पडले केव्हा? मुलगा दोन-तीन वर्षांचा असताना! म्हणजे तो दात तोंडात उगवण्याच्या चार-पाच वर्षे आधी, वर दुधाचे दात असताना. हे कसे घडते ते समजून घ्यायचे तर आधी दुधाच्या दातांची हकिगत पाहिली पाहिजे.

जन्माआधीच सुरू झालेले काम

बाळाचा पहिला दात साधारण सहाव्या ते दहाव्या महिन्यात दिसतो. बहुधा खालच्या जबड्यातील मधले दोन पटाशीचे दात पहिले येतात. त्या वेळी घरात आनंद होतो, पण त्या दाताचे काम त्याआधी कितीतरी दिवस चाललेले असते. आईच्या पोटात गर्भ सहा ते आठ आठवड्यांचा असतानाच जबड्यात दुधाच्या दातांचे अंकुर तयार होऊ लागतात, आणि चौथ्या महिन्यात त्यांवर कठीण थर चढू लागतो. जन्माच्या वेळी वीसही दुधाचे दात हिरडीखाली कमीअधिक घडलेले असतात.

जन्म ही बाळाच्या शरीराला फार मोठी उलथापालथ असते. त्या दिवसांत दंतवल्काची वाढ क्षणभर अडखळते आणि दुधाच्या दातात एक बारीक रेषा उमटते. पुढे हा दात पडल्यावर त्याचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर ती रेषा दिसते. रेषेच्या टोकाकडचा भाग आईच्या पोटात घडलेला, हिरडीकडचा भाग जन्मानंतरचा. झाडाच्या खोडात जशी वर्षाची वलये, तशी ही दातातली जन्माची खूण.

अडीच ते तीन वर्षांपर्यंत सगळे वीस दात येतात: प्रत्येक जबड्यात पटाशीचे चार, सुळे दोन आणि दाढा चार. दुधाच्या दातांत उपदाढा नसतात. पक्के दात बत्तीस. आता वजाबाकी करा. वीस पक्के दात दुधाच्या दातांच्या जागी येतात, उरलेले बारा नव्या जागी, जबड्याच्या मागच्या बाजूला येतात. गंमत अशी, की दुधाच्या दाढांच्या जागी पक्क्या दाढा येत नाहीत, उपदाढा येतात. पक्क्या बाराही दाढा नव्याच असतात.

दात पडला की काही घरांत तो कौलांवर फेकतात, काही घरांत उंदराच्या बिळात टाकून त्याच्यासारखे दात मागतात. बिचाऱ्या उंदराला मात्र दुधाचे दात कधी येतच नाहीत. त्याला दातांचा एकच संच मिळतो, आणि त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. मगरीसारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे दात पडतात आणि पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक सस्तन प्राण्यांना मात्र दोनच संच पुरतात, कारण पिलू आईच्या दुधावर वाढते आणि सुरुवातीला त्याला दातांची गरज नसते. तोवर जबडा वाढायला वेळ मिळतो. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. त्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुरासिक काळातील खडकांच्या थरात एका आद्य सस्तन प्राण्याची दाढ सापडली. १९८१ साली त्या प्राण्याचे 'कोटाथेरियम' असे नामकरण झाले. सारा प्राणी नाहीसा झाला, दाढ तेवढी कोट्यवधी वर्षे राहिली. दंतवल्क हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, तो असा.

पण याच दंतवल्काची एक मोठी उणीव आहे. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरून येते. दंतवल्क बनवणाऱ्या पेशी मात्र दात उगवण्यापूर्वीच संपून जातात. एकदा घडले ते घडले. घडताना चूक झाली तर ती दुरुस्त करायला नंतर कोणी उरत नाही. आणि पक्क्या दातांचे दंतवल्क घडते केव्हा? पहिल्या पक्क्या दाढेचे काम जन्माच्या सुमारास सुरू होते, पुढच्या पटाशीच्या दातांचे तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून चार-पाच वर्षांपर्यंत चालते, आणि अक्कलदाढा सोडल्या तर इतर दातांचे सात-आठ वर्षांपर्यंत संपते. म्हणजे दुधाचे दात वर चावण्याचे काम करीत असतात, तेव्हा त्यांच्या मुळांशी पक्क्या दातांचा कारखाना चालू असतो. बाळ त्या काळात जे खाते-पिते, त्याचा हिशेब तिथे लिहिला जातो.

डागांचा शोध

हे कोडे प्रथम चंद्रपुरात नव्हे, तर अमेरिकेत सुटले. १९०१ साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी आला. तिथल्या कितीतरी लोकांच्या दातांवर चॉकलेटी डाग होते. त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. जे लोक गावात जन्मले आणि वाढले त्यांचेच दात डागाळलेले होते. मोठेपणी तिथे राहायला आलेल्यांना डाग पडत नव्हते. म्हणजे कारण काहीही असो, ते लहान वयातच काम करीत होते.

१९२३ साली मॅके आयडाहो राज्यातील ओकली या गावी गेला. तिथल्या पालकांनी सांगितले, की गावाला पाच मैलांवरच्या गरम झऱ्याचे पाणी नळाने आणल्यापासून मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले. मॅकेने पाणी तपासले. त्यात काहीच वावगे सापडले नाही! तरीही त्याने तो नळ बंद करून दुसऱ्या झऱ्याचे पाणी घेण्याचा सल्ला दिला. गावाने तो ऐकला. काही वर्षांत गावातल्या लहान मुलांना नवे पक्के दात आले ते स्वच्छ, बिनडागाचे. कारणाचे नाव माहीत नसताना केलेला हा प्रयोग मला तरी विज्ञानातील फार सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो.

नाव कळले ते १९३१ साली. ॲल्युमिनियम कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ चर्चिल यांनी अशाच एका डागाळलेल्या गावाचे पाणी अधिक सूक्ष्म रीतीने तपासले आणि त्यात फ्लोराइड सापडले. भारतात हाच विकार १९३७ साली तेव्हाच्या मद्रास प्रांतातील नेल्लोर भागात ओळखला गेला. त्याला फ्लोरोसिस म्हणतात. फ्लोराइड फार झाले की घडत्या दंतवल्कातील प्रथिने वेळेवर बाहेर पडत नाहीत, खनिज दाट बसत नाही आणि आवरण सच्छिद्र राहते. असा दात उगवतो तेव्हा खडूसारखा पांढरट असतो. नंतर त्या छिद्रांत रंग शिरून तो तपकिरी होतो. म्हणून आईबापांना वाटते, की डाग आता पडला.

आपल्या पायाखालचे पाणी

फ्लोराइड कोणी विहिरीत आणून टाकत नाही. ते खडकातून येते. काही खडकांतील अभ्रकासारख्या खनिजांत ते असते, आणि खोल भेगांत दीर्घकाळ साठलेले पाणी ते हळूहळू विरघळवून घेते. पाणी सोड्यासारखे अल्कधर्मी असेल आणि त्यात कॅल्शियम कमी असेल तर ते अधिक विरघळते. म्हणून उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरिंगच्या पाण्यात ते पुष्कळदा जास्त सापडते. एका लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे आणि दुसरा मार्गच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असे आपले भारतीय मानक सांगते. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यासह अनेक भागांतील काही गावांच्या भूजलात ते यापेक्षा जास्त आढळले आहे. एकाच गावातील दोन हातपंपांच्या पाण्यातही मोठा फरक असू शकतो. पाण्याला रंग नाही, वास नाही, चवही वेगळी नाही. उलट जंतूंच्या दृष्टीने ते विहिरीच्या पाण्यापेक्षा स्वच्छच असते. अडचण तीच आहे.

त्यात आपला उन्हाळा. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. थंड प्रदेशातील मूल दिवसाला जेवढे पाणी पिते, त्यापेक्षा कितीतरी जास्त आपल्याकडचे मूल पिते. पाण्यातील फ्लोराइडचे प्रमाण तेच असले तरी पोटात जाणारी मात्रा वाढते. लहान मुलांना कोरा चहा पाजायची सवय अनेक घरांत आहे. चहाच्या पानातही फ्लोराइड असते, म्हणजे त्यात आणखी भर.

आता एक चांगली गोष्ट. फ्लोराइडच्या गावातही दुधाचे दात बहुधा कमी डागाळतात. त्यांचा बराचसा भाग आईच्या पोटात घडलेला असतो. शिवाय आई जास्त फ्लोराइडचे पाणी पीत असली, तरी तिच्या दुधात फ्लोराइड अगदी नगण्य उतरते. जणू तिचे शरीर पाणी गाळूनच बाळाला देते. म्हणून पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, हा आरोग्य खात्याचा नियम या गावांत दुप्पट मोलाचा आहे. "उन्हाळा आहे, घोटभर पाणी पाजा" असे आजी मायेने म्हणते. पण आईच्या दुधात बाळाला पुरेसे पाणी असते, वैशाखातसुद्धा. सहा महिन्यांनंतर पेज, वरण, भात सुरू होतो आणि त्यांबरोबर पाणीही. नेमका तेव्हापासून पुढच्या पक्क्या दातांच्या घडणीचा नाजूक काळ असतो. त्यातही सव्वा ते अडीच वर्षांचे वय विशेष जपण्याचे. साऱ्या गावासाठी चांगले पाणी लगेच मिळत नसेल, तर जेवढे मिळते ते आधी या वयाच्या मुलांना प्यायला आणि त्यांचा स्वयंपाक करायला ठेवावे.

पाणी उकळून मात्र उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. पाणी आटले की त्याचे प्रमाण उलट वाढते. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा पद्धत' विकसित केली आहे, पण तिची मात्रा पाणी तपासूनच ठरवावी लागते. कमी फ्लोराइडची दुसरी विहीर, नदीचे शुद्ध केलेले पाणी किंवा छतावर साठवलेले पावसाचे पाणी मिळाले तर सर्वांत उत्तम. पण आधी तपासणी हवी. नमुना देताना बाटली काचेची नको, स्वच्छ प्लास्टिकची घ्यावी, कारण फ्लोराइड काचेवर क्रिया करते. बाटलीवर हातपंप कोणत्या जागेचा आणि तारीख कोणती ते लिहावे, आणि ग्रामपंचायतीमार्फत ती शासनाच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेकडे पाठवावी. शाळेच्या विज्ञान मंडळाला हे काम सहज करता येईल.

दात येताना जुलाब?

दातांविषयीची एक समजूत मात्र डागांपेक्षा कितीतरी घातक आहे. बाळाला जुलाब लागले की घरात म्हणतात, "दात येताहेत, व्हायचेच." आणि थांबून राहतात. दात येताना हिरडी शिवशिवते, लाळ गळते, बाळ किरकिर करते, हाताला लागेल ते चावते. एवढेच खरे. दातामुळे जुलाब होत नाहीत आणि सणसणून तापही येत नाही. मग दोन्ही गोष्टी एकाच वेळी का घडतात? सहाव्या महिन्यानंतर आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरू लागते. बाळ रांगू लागते, अंगणातली काडी, माती तोंडात घालते. वरचे अन्नपाणी सुरू होते. जंतू पोटात जायला याहून सोयीचा काळ नाही, आणि दात यायचीही हीच वेळ. कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो, म्हणून कोंबड्यामुळे सूर्य उगवत नाही.

जुलाबात बाळाच्या अंगातले पाणी झपाट्याने कमी होते. टाळू खोल जाते, लघवी कमी होते, बाळ मलूल पडते, आणि वाट पाहत बसले तर ते दगावूही शकते. म्हणून पहिल्याच दिवशी आशाताईंकडून ओआरएसचे पाकीट आणि झिंकच्या गोळ्या आणाव्यात. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून (चमचा चहाचा) थोडे थोडे पाजावे आणि अंगावरचे दूध चालू ठेवावे. बाळ मलूल झाले, पीत नसेल किंवा शौचात रक्त दिसले तर दवाखाना गाठावा.

घरोघर जाऊन नवजात बाळांना सांभाळण्याची पद्धत याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात खेड्यांतील स्त्रियांना शिकवून सिद्ध करून दाखवली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे ती देशभर स्वीकारली गेली. २०१८ साली सुरू झालेल्या योजनेनुसार आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही घरी येतात. दातांच्या वेळापत्रकाशी या भेटी अगदी जुळतात. त्यांना बाळाचे तोंड उघडून दाखवायला आईने संकोचू नये.

"पडणारच आहेत" हे खरे, पण

दुधाचे दात किडले तर पुष्कळ लोक म्हणतात, "पडणारच आहेत, कशाला काळजी?" पण पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, तर मागची दुधाची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायची असते. ती पाचव्या वर्षीच गेली तर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत कलतात, आणि नंतर येणाऱ्या उपदाढेला वाट उरत नाही. दुधाच्या दाताचे दंतवल्क पक्क्या दाताच्या निम्म्याइतकेच जाड असते, म्हणून कीड चटकन आत पोहोचते. मुळाशी पू झाला तर खाली घडत असलेल्या पक्क्या दातालाही इजा होते. आणि दात दुखणारे मूल जेवत नाही, झोपत नाही.

कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडातील जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दंतवल्क विरघळवते. अंड्याचे कवच रात्रभर लिंबाच्या रसात ठेवून पाहा. कवच चुनखडीचे आणि दात कॅल्शियम फॉस्फेटचा, पण आम्लापुढे दोघांचीही गत तीच. साखर दुकानातल्या बिस्किटातलीच असते असे नाही. चैत्रात वेचलेली मोहाची फुले वाळवून मुले दिवसभर चघळतात. त्यांत भरपूर साखर असते आणि ती दाताला चिकटून बसतात. मोह खाऊ नये असे मी म्हणणार नाही. जेवणाबरोबर खावा आणि वर पाणी प्यावे. दिवसभर चघळण्याने दाताला सावरायला वेळच मिळत नाही. रात्री लाळ कमी सुटते, म्हणून गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवणे सर्वांत वाईट. अशा बाळाचे वरचे पुढचे दात आधी जातात. खालचे दात जीभ आणि लाळ यांच्या आड असतात, म्हणून वाचतात.

पहिला दात दिसला की बोटाला स्वच्छ ओले फडके गुंडाळून तो दोन वेळा पुसावा. राख, कोळसा, विटेची भुकटी या पातळ दंतवल्कावर घासू नये. तंबाखूची मशेरी किंवा गुडाखू तर घरातल्या कोणीच वापरू नये. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे, तरी मशेरीची सवय गेलेली नाही. पुढे मऊ ब्रश आणि तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. इथे मात्र एक पेच आहे. फ्लोराइड अल्प प्रमाणात दाताला कीड लागू देत नाही, म्हणून ते पेस्टमध्ये घालतात. १९४५ पासून अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरात ते मुद्दाम पिण्याच्या पाण्यात मिसळले गेले, तेही याच कारणाने. पण जिथे पाण्यातच ते जास्त आहे, तिथे पेस्ट गिळणाऱ्या बाळाला त्याची भर नको. अशा गावी कोणती पेस्ट वापरावी ते दंतवैद्याला किंवा शाळा-अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला विचारावे.

दातावर हिरडीजवळ खडूसारखा पांढरा ठिपका दिसला तर ती किडीची सुरुवात असू शकते. या टप्प्यावर ती थांबवता येते. काळा खड्डा पडल्यावर मात्र दंतवैद्यच हवा.

तुमच्या घरी पाच ते सात वर्षांचे भावंड असेल, तर त्याला उजेडात बसवून तोंड उघडायला सांगा. खालच्या जबड्याच्या मध्यापासून एका बाजूने मागे मोजत जा: पटाशीचे दोन, सुळा एक, दाढा दोन. हे पाच झाले. दुधाचे दात इथे संपतात. त्यामागे सहावा दात दिसला तर तो कोणताही दात न पडता गुपचूप आलेली पहिली पक्की दाढ आहे. घरातले लोक तिला दुधाचीच समजतात. ती किडून गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.